दोन फाटकांमधली जागा

ठाणाकुशनूर

मी ठाणाकुशनूरला पोहोचले तेव्हा गावात माणूस नव्हतं. घरांची दारं उघडी होती, ओसरीवर शेंगा वाळत पडल्या होत्या, एक शेळी कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून आत डोकावत होती, आणि तिला हाकलायलाही कोणी नव्हतं. उदगीरहून आणून सोडणारा जीपवाला पैसे घेऊन केव्हाच निघून गेला होता. मी बॅग हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभी, पुढे जायला घाबरत.

माझ्या भीतीला कारण होतं. मी मूळची नाशिकची. नोकरीची शेवटची वर्षं परदेशातल्या आपल्या एका दूतावासात, व्हिसा विभागात काढली. देशाचं नाव लिहीत नाही. त्या शहरात सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईलच असं कोणी धरून चालत नसे, एवढं सांगितलं तरी पुरे. तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं की रोज गजबजलेली गल्ली एखाद्या दिवशी सुनसान दिसली तर पुढे पाऊल टाकायचं नाही. आल्या वाटेने परत फिरायचं.

मी खरंच परत फिरण्याच्या बेतात होते, तेवढ्यात शेताकडच्या वाटेने फटफटी आली आणि दिगंबर बिरादार खाली उतरला.

"मॅडम, भ्यालात काय? आज येळवस हाय की! समदं गाव शेतात गेलंय."

आमच्या दूतावासाच्या रक्षणासाठी भारतातून जवानांची एक तुकडी पाठवलेली होती. दिगंबर तिच्यात हवालदार होता. निवृत्त झाल्यावर तो गावी शेती करू लागला, मी नाशिकला परतले. दर दिवाळीला फोन व्हायचा आणि दर वेळी तो म्हणायचा, एकदा येळवशीला या. या वर्षी मी गेले.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. उदगीर, बीदर, कलबुर्गीकडे त्या दिवशी घरात कोणी थांबत नाही. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत मातीची पांडवं मांडून पुजायची आणि जो येईल त्याला जेवायला बसवायचं. ओळख विचारायची नाही. आमच्याकडे नाशिकला पाहुण्याला निदान फोन करून यावं लागतं. इथे बांधावरून जाणाऱ्याला हाताला धरून पानावर बसवत होते. मी नुसती बघत राहिले.

दिगंबरच्या बायकोने, महानंदाने, माझ्यापुढे भज्जीचं ताट ठेवलं. ही आपली कांद्याची भजी नव्हे. ओली तूर, वाटाणा, हरभऱ्याचा पाला आणि मिळेल ती पालेभाजी बेसन लावून एकत्र शिजवलेली, दाट, हिरवीगार. बरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि मडक्यातली गार आंबील. पहिली वाटी संपायच्या आत तिने दुसरी ओतली. चारी बाजूंना मानेएवढी ज्वारी, तिच्यावरून वारा गेला की सगळं रान एकदम कूस बदलल्यासारखं हलायचं. अशा उघड्या रानात, पाठीमागे भिंत नसताना, मी किती वर्षांनी निवांत जेवत होते!

जेवता जेवता महानंदा म्हणाली, "अक्का, एक इचारू? हे तिकडं नेमकं काय करायचे हो? घरला आले की गप. कामून बोलत न्हाई म्हणलं की म्हणायचे, गेटवर उभा ऱ्हायचो, आनि काय."

मी दिगंबरकडे बघितलं. तो आंबील पीत होता. म्हणून मग मीच सांगितलं.

सांगितलं की दूतावास दुसऱ्याच्या देशात असतो, आणि त्याला सांभाळायची पहिली जबाबदारी त्या देशाची. पण बाहेर त्यांचे पोलीस उभे असले तरी आतला भरवसा आपला आपणच राखायचा असतो. इमारत रस्त्यापासून लांब, म्हणजे रस्त्यावर काही फुटलं तरी झळ आतपर्यंत येऊ नये. खिडक्यांच्या काचांना आतून पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला, म्हणजे काच तडकली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत. गाडीने रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी जायचं नाही. मधोमध एक जाड दाराची खोली. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून तिच्यात शिरायचं. सराव इतक्या वेळा की आमची एक सहकारी घरी सुट्टीवर आली आणि कुकरची शिट्टी ऐकून न्हाणीघरात जाऊन बसली.

महानंदा खळखळून हसली. मग मी फाटकांबद्दल सांगितलं.

दूतावासाला एकामागे एक दोन फाटकं होती. गाडी आली की बाहेरचं उघडायचं, गाडी मधल्या जागेत घ्यायची आणि बाहेरचं लावायचं. दोन्हीकडे बंद. मग एक जवान गाडीखाली आरसा फिरवणार, बॉनेट उघडून बघणार, ड्रायव्हरचे कागद तपासणार. त्याने सगळं ठीक आहे असं कळवल्यावरच दुसरा जवान जाड काचेच्या चौकीतून आतलं फाटक उघडणार. दोन्ही फाटकं एका वेळी कधीही उघडी नसणार. राजदूत स्वतः आले तरी नाही.

"आनि त्या मधल्या जागेत जो जवान असतो, त्यानं काय करायचं? काई झालं तर?" महानंदाने विचारलं.

उत्तर देण्याऐवजी मी दिगंबरला त्याच्या तुकडीतल्या जोडीदाराबद्दल विचारलं, "गौतम कसा आहे हो?"

दिगंबरने तांब्या खाली ठेवला. "मोटर बघून येतो," म्हणाला आणि ज्वारीत शिरला. महानंदा हळूच म्हणाली, "अक्का, त्यांचं नाव काढलं की हे असंच करतेत. फोन आला तरी उचलत न्हाईत. मला कारण सांगत न्हाईत."

बीदर

दुसऱ्या दिवशी दिगंबर मला त्याच्या जुन्या गाडीतून बीदरला घेऊन गेला. तिथे त्याच्या पुतणीकडे मुक्काम, मग तो मला कलबुर्गीच्या स्टेशनवर सोडणार, असा बेत होता. रस्त्याने काळी जमीन संपते आणि अचानक तांबडी सुरू होते, जणू कोणी मधे रेघ ओढली आहे. बीदर त्या तांबड्या दगडाच्या पठारावर उभं आहे.

किल्ला मी पुस्तकात पाहिला होता. प्रत्यक्षात तो कितीतरी मोठा निघाला. खंदक बांधलेला नाही, खडकातून कोरून काढलेला आहे. एका भागात तर तीन खंदक शेजारीशेजारी, मधे तासलेल्या खडकाच्या भिंती तशाच उभ्या ठेवलेल्या. वरून खाली बघितलं की डोकं गरगरतं. हा दगड कोणी फोडला असेल, किती उन्हाळे फोडला असेल, असं माझ्या मनात येत राहिलं. इथल्या सुलतानांच्या दरबारात दूरदूरच्या देशांचे दूत येत असत म्हणतात. ते याच पुलावरून चालत आले असतील, आणि त्यांनीही माझ्यासारखंच वाकून खाली बघितलं असेल.

पहिल्या दरवाजावर दगडात कोरलेले वाघ आहेत. त्यातून आत गेलं की लगेच किल्ला लागत नाही. दोन्ही बाजूंना उंच तट, वाट वळते आणि पुढे दुसरा, घुमटाचा भव्य दरवाजा. मधली ती जागा बघून मी उत्साहाने म्हणाले, "दिगंबर, बघा ना! आपल्याकडे होतं तेच की हे. आत घ्यायचं, मागचं लावायचं, वरून बघायचं. इतक्या शतकांपूर्वीचं!"

माझ्या मागे कोणी नव्हतं. दिगंबर पहिल्या दरवाजाच्या सावलीतच थांबला होता.

"मॅडम, तुम्ही व्हा पुढं. मी बसतो हितंच."

मी परत आले. तो दगडावर बसला होता, हात गुडघ्यांवर, नजर त्या मधल्या वाटेवर. मी शेजारी बसले. त्याने पायाजवळचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग बोलायला लागला.

त्या सकाळचं मला जे माहीत होतं ते एवढंच. रोजचा पाण्याचा टँकर आला, मधल्या जागेत घेतला आणि तिथे फुटला. त्यात भरलेली सगळी स्फोटकं पेटली नाहीत म्हणून इमारत वाचली. मी व्हिसाच्या खिडकीपाशी होते. समोरची काच माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली, कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली, पण चौकटीतून सुटली नाही. माझ्या अंगावर ओरखडाही नाही. टँकर तपासणारा गौतम सोनकांबळे मधल्या जागेत होता. तो काँक्रीटच्या ठोकळ्यामागे पडला म्हणून जिवानिशी वाचला, पण त्याचा डावा हात खांद्यापासून गेला. त्याच दिवशी त्याला विमानाने हलवलं. काचेच्या चौकीत दिगंबर होता.

"ड्रायव्हर रोजचा न्हवता," दिगंबर म्हणाला. "गौतमनं त्याला खाली उतरवलं. तो पळायला बघायलता. गौतमनं आत वाकून बघितलं आनि एकदम माझ्याकडं पळत आला. दार वाजवायलता, मॅडम. चौकीजवळचं बारकं दार. दोन्ही हातानं वाजवायलता, काचंतून माझ्याकडं बघून हात हलवायलता. आवाज येत न्हवता, काच जाड. बटन माझ्या बोटाखाली. दाबलं असतं तर तो आत आला असता."

"आणि नियम?"

"नियम म्हणूनच न्हाई दाबलं. दार उघडलं तर झळ आत जाणार, तुमी समदे आत. हे मला तवा कळत होतं. एवढ्या जवळून बघायलो त्याच्याकडं, आनि न्हाई दाबलं." त्याने तळहात पुढे करून अंतर दाखवलं. "मग तो मागं वळला. मग झालं."

पर्यटकांचा एक घोळका हसत, फोटो काढत आमच्या पुढून गेला. मला त्या वाटेकडे बघवेना. मी आज जिवंत आहे, माझ्या नातीला खेळवते, याचं कारण असलेला माणूस माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

"त्यानंतर बोललात त्याच्याशी?"

"काय बोलू? तो फोन करायचा. मी उचलत न्हवतो. पोरीच्या लग्नाला बोलावलं. न्हाई गेलो. कुठल्या तोंडानं जाऊ?"

गौतमचं गाव करजगी, अफजलपूर तालुक्यात, कलबुर्गीच्या पुढे, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "मला स्टेशनवर सोडू नका. मला गौतमला भेटायचंय. तुम्ही बाहेर गाडीत बसा हवं तर."

तो उठला आणि गाडीकडे चालू लागला.

मुडबीच्या अलीकडे

बीदरहून कलबुर्गीचा सरळ रस्ता हुमनाबादवरून जातो. दिगंबरने दुसऱ्या सकाळी गाडी बसवकल्याणकडे घातली. तोच म्हणाला, "रोज एकाच रस्त्यानं जायचं न्हाई, सवय हाय," आणि स्वतःच कसनुसं हसला.

मुडबीच्या अलीकडे चाक पंक्चर झालं आणि जादा चाकातही हवा नव्हती. तुरीची कापणी करणारी चार माणसं शेतातून आली. त्यांनी पहिला प्रश्न कन्नडमध्ये विचारला, दुसरा दखनी उर्दूत, तिसरा मराठीत, आणि ज्या भाषेत उत्तर मिळालं त्या भाषेत सगळे सहज शिरले. त्यांच्यातला एक जण चाक फटफटीवर बांधून मुडबीला घेऊन गेला. बाकीच्यांनी आम्हाला चिंचेखाली बसवून ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. ती भाकरी पापडासारखी कुडकुडीत, महिनाभर टिकते म्हणे. मला शंका आली की त्यांच्या दुपारच्या जेवणातला वाटा आम्ही खातोय. तसं म्हटल्यावर त्यांच्यातली बाई रागावली. "अक्का, खावा की गप!"

दिगंबर तिथे बराच मोकळा झाला. चाक आलं, बसलं, आणि गाडी सुरू करण्याआधी त्याने मला विचारलं, "मॅडम, त्याला एक हातानं शेती जमत असंल का हो?"



करजगी

अफजलपूर मागे पडल्यावर जमीन पुन्हा काळी होते आणि भीमेच्या काठाने ऊस दिसू लागतो. करजगीत सोनकांबळ्यांचं घर विचारलं तर एका माणसाने थेट अंगणापर्यंत आणून सोडलं. म्हणजे गाडीत बसून राहायची सोयच उरली नाही.

अंगणात तुरीच्या पेंढ्या रचलेल्या. गौतम एका हाताने पेंढी उचलून मळणीच्या जागी टाकत होता. आधी त्याने मला ओळखलं, "मॅडम!" म्हणाला, आणि मग माझ्या मागे बघितलं. हातातली पेंढी खाली पडली.

त्याची बायको सुलोचना पाणी घेऊन बाहेर आली. मला पेला दिला. दिगंबरसमोर मात्र ती पेला हातात धरून थांबली.

"भाऊजी, आमच्या घरचं पाणी चालंल न्हवं?"

"सुलोचना!" गौतम ओरडला.

"बोलू द्या मला. आज आलेत तर बोलते." तिचा आवाज चढला नव्हता, पण पेला तिने अजून पुढे केला नव्हता. "प्रज्ञाच्या लग्नाला ह्यांनी तुमाला कितीदा फोन केला. वाट बघितली. न्हाई आलात. गावातले म्हणले, तिकडं परदेशात एका ताटात जेवतेत, हिकडं आलं की बिरादार तो बिरादारच. आपल्यासारख्याच्या घरी कामून येईल? ह्यांनी कुणालाच उत्तर दिलं न्हाई. मी मातर ते मनात धरून बसले."

मी दिगंबरचा चेहरा विसरणार नाही. स्फोटाच्या दिवशीही मी तो पाहिला होता, तेव्हा तो असा नव्हता. इतकी वर्षं तो एका अपराधाचं ओझं वाहत होता आणि इथे त्याच्या नावावर भलताच अपराध जमा झाला होता. त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला, एका दमात प्याला, आणि तसाच रिकामा पेला धरून उभा राहिला.

"वैनी, असलं कंदी मनात सुदीक..." त्याने जोरात मान हलवली. मग तो गौतमकडे वळला. "तू दार वाजवायलतास. मी उघडलं न्हाई. त्याच्यापायी आलो न्हाई रे. तेच एक कारण."

गौतमने कपाळाला आठ्या घातल्या. "दार?"

"चौकीजवळचं. तू हात हलवून... आत घे म्हणून..."

"आरं येड्या!" गौतम दोन पावलं पुढे आला. "मी आत घे म्हणायलतो व्हय? तुझं तोंड काचंला चिकटलं होतं. वाकून माझ्याकडं बघत बसलास. खाली बस म्हणायलतो तुला! खाली! खाली!"

आणि राहिलेल्या उजव्या हाताचा पंजा पालथा करून त्याने हवेत खाली दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा.

दिगंबरने ती खूण इतकी वर्षं रोज पाहिली असणार आणि रोज तिचा अर्थ वेगळा लावला असणार. टँकरपासून पळायला जे थोडे क्षण मिळाले, ते गौतमने काचेआडच्या मित्राला सावध करण्यात घालवले होते. मी दूतावासाच्या सुरक्षेबद्दल अनेक व्याख्यानं ऐकली आहेत. भिंतीची जाडी, काचेची ताकद, रस्त्यापासूनचं अंतर, सगळं मला तोंडपाठ होतं. हे मात्र कोणत्याच व्याख्यानात नव्हतं.

"आनि आत घे म्हणलो असतो," गौतम आता हळू बोलत होता, "तरी उघडायचं न्हवतं. तू उघडलं असतंस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. आपण दोघं एकाच दिवशी शिकलो न्हवं ते?"

दिगंबर तुरीच्या पेंढीवर बसला आणि रडला. मोठ्याने, लाज न बाळगता. गौतम त्याच्याशेजारी बसला. सुलोचनाने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

आत बुद्धाच्या मूर्तीपुढे फुलं होती. सुलोचना वांग्यात शेंगदाण्याचा मसाला भरत होती आणि मधूनच पदराने डोळे पुसत होती. "मी लई वंगाळ बोलले का हो अक्का?" तिने विचारलं. मी म्हणाले, तुम्ही बोलला नसतात तर आजही तो मनातलं मनातच ठेवून परत गेला असता. तिने एक वांगं भरून बाजूला ठेवलं, मग म्हणाली, "पण लोकं तसं म्हणतेत ते काई उगाच न्हाई म्हणत. बगितलंय म्हणून म्हणतेत." तिने मला लाटणं दिलं.

जेवायला भरली वांगी, तुरीचं घट्ट वरण, चपाती आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. दिगंबरने हुग्गी तीनदा मागून घेतली. लग्नाचे फोटो निघाले. प्रत्येक फोटोपाशी सुलोचना त्याला सांगत होती की तुम्ही इथे उभे राहायचे होतात, आणि इथे, आणि मुलीला निरोप देताना इथे. तो मान डोलवत ऐकत होता, शिक्षा ऐकावी तसा, आणि तरी चेहऱ्यावर हसू.

सकाळी अफजलपूरहून कलबुर्गीची बस पकडायची म्हणून मी बॅग भरून बाहेर आले. गाडीची किल्ली खुंटीला टांगलेली दिसली. दिगंबर अंगणात फोनवर महानंदाशी बोलत होता.

"न्हाई यायलो आज. हितं तुरीची रास व्हायचीय. चार दिस लागतेत. व्हय, गौतमकडंच. आगं गौतमकडं! व्हय, तोच." मग महानंदाचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"कपडे न्हाई की नेले तुमी!"

गौतमने पुढे होऊन फोनमध्ये सांगितलं, "वैनी, माझे हायत की."

अफजलपूरपर्यंत मला शेजारचा फटफटीवाला सोडणार होता. मी सगळ्यांचा निरोप घेतला आणि सुलोचनाला शोधू लागले. ती घराच्या मागे उन्हात बसली होती. मांडीवर गौतमचा सदरा. त्याच्या सगळ्या सदऱ्यांची डावी बाही तिने खांद्यापाशी आत दुमडून शिवून टाकलेली असते. ती मान खाली घालून, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत, ती बाही उसवत होती.